संपूर्ण दंतरोपण : किती स्क्रू, किती रुपये?

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण सर्वांनाच ठाऊक आहे. तिच्यातले चणे म्हणजे पैसा असे मानले, तर आजच्या अनेक घरांतली स्थिती तिच्यात नेमकी उतरते. उमेदीच्या वयात दात शाबूत असतात आणि खिसा रिकामा असतो. निवृत्तीनंतर हाती भविष्यनिर्वाह निधीची रक्कम येते, तोवर तोंडाचे बोळके झालेले असते. मग दंतवैद्य सांगतात, “कवळी नको असेल तर जबड्यात स्क्रू घालून कायमचे दात बसवता येतील.” खर्च विचारला की घरात शांतता पसरते. आजोबा म्हणतात, या वयात आता कशाला? मुलगा म्हणतो, कर्ज काढू. सून विचारते, एवढे पैसे नेमके कशाचे?

तिचा प्रश्न सर्वांत चांगला आहे. त्याचे उत्तर शोधायचे, तर दातांऐवजी दात ज्यात रोवलेले असतात त्या हाडापासून सुरुवात करावी लागते.

दातासाठी असलेले हाड

प्रौढ माणसाला ३२ दात असतात. आरशात दिसतो तो दाताचा वरचा भाग. त्याचे मूळ जबड्याच्या हाडातील खाचेत असते. पण भिंतीत खिळा ठोकावा तसे ते हाडात घट्ट चिकटलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचे तंतूंचे अस्तर असते आणि दात या तंतूंवर जणू झोपाळ्यासारखा टांगलेला असतो. आपण ऊस सोलतो किंवा फुटाणा फोडतो, तेव्हा बसणारा धक्का हे अस्तर झेलते. त्यातल्या मज्जातंतूंमुळेच भातातला बारीकसा खडा दाताखाली येताच आपला जबडा जागच्या जागी थांबतो. (खेळताना पक्का दात मुळासकट निखळला, तर मूळ न घासता तो दुधात ठेवावा आणि तासाभराच्या आत, जमल्यास त्याहून लवकर, दंतवैद्याकडे न्यावा. तो पुन्हा बसू शकतो तो मुळावर शिल्लक राहिलेल्या याच अस्तरातील जिवंत पेशींच्या जोरावर.)

चावताना पडणारा भार या तंतूंमार्फत हाडाला ओढ म्हणून पोहोचतो. हाड ही मेलेली, दगडासारखी वस्तू नव्हे. जिथे भार पडतो तिथे ते टिकते आणि जिथे काम उरत नाही तिथे शरीर ते मोडीत काढते. पाय कित्येक आठवडे प्लॅस्टरमध्ये राहिला की बारीक होतो, तसाच काहीसा हा प्रकार. जबड्याच्या हाडाचा दात धरून ठेवणारा उंचवटा तर केवळ दातांसाठीच असतो. दात गेला की पहिल्या वर्षातच तो झपाट्याने अरुंद होतो. त्यानंतर झीज मंदावते, पण थांबत नाही.

ही झीज किती होते? १९७२ साली टालग्रेन यांनी २५ वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्ण कवळी वापरणाऱ्यांच्या खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची उंची या काळात सरासरी ९ ते १० मिलिमीटरने घटली होती. वरच्या जबड्यात ही घट ३ मिलिमीटरच्या आतच होती. म्हणजे खालचा जबडा वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजतो. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे पैशांचा हिशेब करताना तो उपयोगी पडणार आहे.

वरची कवळी टिकते, खालची का उठते?

एक साधा प्रयोग करा. सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्या घ्या. एकीवर पाण्याचा थेंब टाकून दुसरी तिच्यावर दाबा आणि मग त्या सरळ ओढून अलग करण्याचा प्रयत्न करा. सहजासहजी जमत नाही. वरची कवळी अशाच रीतीने टिकते. ती संपूर्ण टाळूवर पसरलेली असते आणि टाळू व कवळी यांच्यामधला लाळेचा पातळ थर तिला धरून ठेवतो. कडांवर गाल आणि ओठ चपखल बसले की हवा आत शिरत नाही.

खालच्या कवळीला हे भाग्य लाभत नाही. खाली टाळू नाही, मधोमध जीभ आहे. त्यामुळे ही कवळी घोड्याच्या नालासारखी अरुंद असते. लाळेच्या थराला धरायला क्षेत्रफळ थोडे मिळते आणि दर घासाला, दर शब्दाला जीभ तिला वर उचलते. शिवाय ज्या उंचवट्यावर तिने बसायचे तोच चौपट वेगाने झिजत असतो. म्हणून पूर्ण कवळीबद्दलच्या तक्रारी बहुतेक वेळा खालच्या कवळीच्या असतात. कवळीने चावण्याचा जोरही नैसर्गिक दातांच्या जेमतेम चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका भरतो. मग ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करावी लागते, पेरू किसून खावा लागतो आणि लग्नाच्या पंगतीत आजोबा “मला भूक नाही” म्हणतात. हे शेवटचे कोणत्याही तक्त्यात येत नाही, पण खर्चाचा विचार करताना ते वजा करणे योग्य नव्हे.

सशाच्या पायातला धातू

पेर-इंग्वार ब्रोनेमार्क (१९२९–२०१४) हे स्वीडनचे शास्त्रज्ञ. १९५२ च्या सुमारास लुंड येथे ते दातांचा विचारही करत नव्हते. हाड बरे होताना त्यात रक्ताभिसरण कसे चालते, हे त्यांना जिवंत प्राण्यात पाहायचे होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक लहानशी डबी बसवली. तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने आत पाहता येई. अभ्यास संपल्यावर महागडी डबी काढून पुन्हा वापरावी म्हटले, तर ती निघेचना. हाड धातूला इतके बिलगले होते की दोहोंमध्ये मऊ ऊतीचा थरच राहिला नव्हता.

शरीरात बाहेरची वस्तू गेली की शरीर सहसा तिच्याभोवती तंतुमय आवरण विणते आणि तिला वेगळे पाडते. बोटात काटा मोडला की काय होते ते तुम्ही अनुभवलेच असेल. मग टायटॅनियमला ही वागणूक का नाही? कारण हवेशी संबंध येताच या धातूवर त्याच्याच ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर चढतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाइतकीच असते. ओरखडा उठला तरी तो क्षणार्धात पुन्हा तयार होतो. शरीरातील खारट द्रव या थराला भेदू शकत नाहीत, धातूचे कण सुटत नाहीत, आणि हाडाच्या पेशी थेट त्याच्यावर नवे हाड रचतात. शिवाय टायटॅनियम पोलादापेक्षा सुमारे दुपटीने लवचिक असल्यामुळे हाडावरचा ताण काहीसा सौम्य होतो. जाता जाता एक गोष्ट. या धातूचे खनिज, इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत सापडते.

१९६५ साली गोथेनबर्ग येथे ब्रोनेमार्क यांनी पहिल्या माणसाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. त्या गृहस्थाच्या जबड्यात जन्मापासूनच व्यंग होते. ते रोपण २००६ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे ४० वर्षांहून अधिक काळ, टिकले. तरीही दंतवैद्यकातील मंडळींनी या पद्धतीकडे बरीच वर्षे संशयानेच पाहिले. १९८२ साली टोरांटो येथे झालेल्या परिषदेत तपशीलवार पुरावे मांडले गेल्यावर वारे फिरले.

पेरणी आणि वाट पाहणे

रोपणाचा स्क्रू साधारण ४ मिलिमीटर व्यासाचा आणि १० ते १२ मिलिमीटर लांबीचा असतो. हिरडी बाजूला करून हाडात छिद्र पाडतात आणि त्यात तो आट्यांवर फिरवून बसवतात. ऐकायला हे सुताराच्या कामासारखे वाटते, पण लाकूड आणि हाड यांत मोठा फरक आहे. हाडाचे तापमान मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसच्या वर गेले तर तिथल्या पेशी मरतात. अंगात ताप चढतो त्याहून थोडेच जास्त असलेले हे तापमान! म्हणून छिद्र पाडताना गती कमी ठेवतात, टोकदार पाती वापरतात आणि थंड सलाइनची धार सतत सोडतात.

त्यानंतर थांबायचे. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या जबड्यात, तिथले हाड भुसभुशीत असल्याने, त्याहून जास्त. या काळात स्क्रू मिलिमीटरच्या दहाव्या-सातव्या हिश्शाहून अधिक हलत राहिला, तर हाडाऐवजी तंतूंचे आवरण बनते आणि तो सैल पडतो. नुकत्याच लावलेल्या रोपाला रोज हलवून पाहिले तर ते रुजेल का? तसेच हे. स्क्रू मुळातच घट्ट बसले असतील आणि त्यांना एका कडक पट्टीने एकत्र जखडले असेल, तर त्याच दिवशी तात्पुरते दात देता येतात. ‘एका दिवसात दात’ या जाहिरातीत तथ्य आहे, पण तेवढेच. पक्के दात काही महिन्यांनीच बसतात.

३२ दातांना ३२ स्क्रू?

नाही. इथे खर्चाची पहिली मोठी बचत होते. खोलीच्या छताला जसे चार खांब पुरतात, तसा एका जबड्यातील १० ते १२ दातांचा सलग ब्रिज चार ते सहा स्क्रूंवर उभा राहू शकतो.

अडचण मागच्या बाजूला येते. वरच्या जबड्यात दाढांच्या वर सायनसची हवेची पोकळी असते. खाली हाडातून मज्जातंतूची नळी जाते आणि तिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो. हाड झिजलेले असेल तर मागे स्क्रूला जागाच उरत नाही. मग सगळे स्क्रू पुढे घालून दाढा मागे लोंबत्या ठेवायच्या? तुम्ही तरफेचा नियम शिकला आहात. टेकूपासून अंतर वाढले की तोच जोर कितीतरी जड होतो. अशा लोंबत्या दाढेवर चावले की शेवटच्या स्क्रूवर भलताच ताण येतो. पोर्तुगालचे पाउलो मालो यांनी १९९० नंतरच्या दशकात यावर रूढ केलेला उपाय भूमितीचा आहे. मागचे दोन स्क्रू ३० ते ४५ अंशांत तिरके घालायचे. त्यांचे टोक आत पुढच्या शाबूत हाडात राहते आणि डोके मागे बाहेर येते. लोंबणारा भाग तोकडा होतो, सायनसमध्ये हाड भरण्याची वेगळी शस्त्रक्रिया वाचते आणि पैसाही वाचतो.

आता हिशेब

प्रथम धातूचा भाव पाहू. ४ मिलिमीटर व्यासाचा, १० मिलिमीटर लांबीचा दंडगोल घ्या. त्याचे घनफळ सुमारे ०.१२६ घन सेंटिमीटर. टायटॅनियमची घनता ४.५, म्हणून वजन अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक. चार स्क्रू मिळून अडीच ग्रॅमही भरत नाहीत. हे काही सोने नव्हे. मग लाखांचा आकडा येतो कुठून? स्क्रूच्या पृष्ठभागावरील खास संस्करण आणि निर्जंतुक वेष्टन, कंपनीचे संशोधन व नाव, जबड्याचे त्रिमितीय क्ष-किरण चित्र, शस्त्रक्रिया करणारा आणि दात घडवणारा असे दोन तज्ज्ञ, प्रयोगशाळेतील कारागीर, आणि सहा-आठ महिन्यांतल्या अनेक फेऱ्या. पैसे मुख्यतः कौशल्याचे आणि वेळेचे असतात.

आपल्याकडच्या शहरांत दोन्ही जबड्यांच्या अशा पक्क्या दातांना आज साधारणपणे ४ ते ८ लाख रुपये पडतात. कंपनी, शहर आणि हाडाची स्थिती यांनुसार आकडा याच्या बाहेरही जातो. अमेरिकेत एकाच जबड्याला २० ते ३० हजार डॉलर लागतात, म्हणून तिकडचे मराठी कुटुंबीय सुटीत इकडे येऊन दात करून घेतात. त्यांना एक सूचना. निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांना बसत नाहीत. कोणत्या कंपनीचा, किती मापाचा स्क्रू आहे, हे लिहून घेतलेले कार्ड जपून ठेवावे. नाहीतर तिकडे एखादा भाग सैल झाला की त्याचा पानाच मिळत नाही.

आता तीन पर्याय तोलून पाहू. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी मानलेले आहेत. तुमच्या गावचे भाव घालून तुम्ही तो पुन्हा करा. मुदत १५ वर्षांची धरू.

साध्या दोन कवळ्यांचा जोड २५ हजारांचा. हाड झिजते म्हणून सात-आठ वर्षांनी नवा करावा लागतो. एकूण ५० हजार, म्हणजे वर्षाला सुमारे ३,३०० रुपये.

दोन्ही जबड्यांत पक्के दात ६ लाखांना, म्हणजे वर्षाला ४० हजार. तपासणी आणि सफाईचे वर्षाला ५ हजार धरले तर ४५ हजार. मधे एखादा दात मोडला तर तो खर्च वेगळा.

तिसरा पर्याय जाहिरातींत क्वचितच दिसतो. वरची कवळी साधीच ठेवायची. खालच्या जबड्यात पुढे, सुळ्यांच्या जागी, फक्त दोन स्क्रू घालायचे आणि खालची कवळी त्यांवर टिचबटणासारखी बसवायची. कवळ्या २५ हजार, दोन स्क्रू ६० हजार, टिचबटणे आणि जोडकाम १५ हजार, असे एक लाख. पुढे नवा कवळीजोड २५ हजारांचा. एकूण सव्वा लाख, म्हणजे वर्षाला सुमारे ८,३०० रुपये. टिचबटणातील झिजणाऱ्या चकत्या आणि तपासणी यांचे अडीच हजार मिळवले तर १०,८०० रुपये.

पहिल्या पर्यायाकडून तिसऱ्याकडे जायला वर्षाला साडेसात हजार जास्त लागतात आणि तेवढ्यात सर्वांत मोठी तक्रार, म्हणजे खालची उठणारी कवळी, मिटते. तिथून पक्क्या दातांकडे जायला वर्षाला आणखी ३४ हजार लागतात. त्यांतून मिळते काय? टाळू मोकळा राहतो, चव आणि स्पर्श अधिक कळतो, चावण्याचा जोर आणखी वाढतो आणि रात्री दात काढून पेल्यात ठेवावे लागत नाहीत. ही सुखे खोटी नाहीत, पण पहिल्या दोन स्क्रूंनी दिले तेवढे पुढचा प्रत्येक स्क्रू देत नाही. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत अर्थशास्त्राच्या पुस्तकात आंब्यांच्या उदाहरणाने शिकवतात. तो इथे दातांनी शिकवता येईल. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनीही दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन स्क्रूंवरील कवळी हाच पहिला पर्याय मानावा, असे मत दिले होते. ज्यांना सहा लाख सहज परवडतात त्यांनी अवश्य खर्चावेत. पण शेत किंवा दागिने गहाण टाकण्यापूर्वी या मधल्या वाटेची चौकशी व्हावी, असे मला वाटते.

धातू काय देत नाही

धातूच्या मुळाला कीड लागत नाही, हे खरे. पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड जिवंत असतात. तिथे जंतूंचा थर साचला तर सूज येते, हाड आटते आणि अखेर पक्का स्क्रूही हलू लागतो. दहा वर्षांनंतर १०० पैकी सुमारे ९५ स्क्रू जागेवर असतात, ही उत्तमच गोष्ट आहे. पण रोपण केलेल्या साधारण पाचांतल्या एका माणसाला या सूज-झिजेचा त्रास होतो, हे त्याच दमात सांगायला हवे. ‘जागेवर आहे’ आणि ‘निरोगी आहे’ यांत अंतर आहे. धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांनी धोका वाढतो. मिश्री आणि तंबाखू ज्यांनी मूळचे दात घालवले, त्यांनी ती सोडल्याशिवाय लाखो रुपये हिरडीत पुरणे शहाणपणाचे नाही. रोज ब्रिजखालची सफाई करायला हाताची बोटे चालायला हवीत. संधिवाताने बोटे वाकलेल्या आजीला काढता येणारी कवळीच सोयीची पडेल.

तंतूंचे अस्तरही परत येत नाही. म्हणून रोपणाच्या दातांना खडा उशिरा कळतो आणि धक्का सरळ हाडाला बसतो. याच कारणाने वाढत्या वयाच्या मुलांत हे रोपण सहसा करत नाहीत. जबडा वाढताना नैसर्गिक दात सरकत वर येतात, पण हाडात जखडलेला स्क्रू जागीच राहतो आणि त्यावरचा दात काही वर्षांत आखूड दिसू लागतो.

आणखी एक समज तपासायला हवा. चांगले चावता येऊ लागले की आहार आपोआप सुधारतो, असे अभ्यासांत स्पष्ट दिसलेले नाही. पाच-सात वर्षे मऊ भात आणि चहा-बिस्किटे यांवर काढलेल्या माणसाला सवय बदलायला वेळ लागतो. कोशिंबीर, उसळ, भाकरी ताटात वाढावी लागते. ते काम दंतवैद्याचे नव्हे, घरच्यांचे.

संपूर्ण संच बसवता यावा म्हणून सात-आठ चांगले दात काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर दुसऱ्या दंतवैद्याला दाखवल्याशिवाय होकार देऊ नये. शाबूत दात असेपर्यंत त्याच्या भोवतीचे हाडही शाबूत राहते, हे आपण वर पाहिलेच. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे कवळ्यांचा आणि कृत्रिम दातांचा स्वतंत्र विभाग असतो. फेऱ्या जास्त होतात, रांग असते, पण दर खाजगी दवाखान्यांपेक्षा पुष्कळ कमी असतात. जाताना जुनी कवळी, क्ष-किरण चित्रे आणि चालू औषधांची यादी बरोबर न्यावी. हाडांच्या ठिसूळपणावरची काही औषधे घेणाऱ्यांत जबड्याची जखम भरायला त्रास होतो, म्हणून ती यादी फार महत्त्वाची आहे. शस्त्रक्रियेआधी विचारावे की आज दोनच स्क्रू घातले आणि पुढे पैसे जमले, तर आणखी दोन घालून त्यावर पक्का ब्रिज बसवता येईल का? खालच्या जबड्यात पुरेसे हाड असेल आणि पहिल्या दोन स्क्रूंच्या जागा आधीच विचारपूर्वक ठरवल्या असतील, तर बहुधा येतो.